स्वस्थ न बसणारे पाय

सायंकाळीं दिवेलागणीच्या सुमारास कोणी खाटेवर बसून पाय हलवूं लागला, कीं आमच्या घरांतील वडील माणसें त्यास लगेच हटकीत. "पाय हलवूं नकोस, घरांत दारिद्र्य येतें," हें वाक्य मीं लहानपणीं किती वेळां ऐकलें असेल याची गणती नाहीं. पुढें शिक्षक झाल्यावर बाकाखालीं पाय हलविणाऱ्या मुलांना मींही तेंच ऐकविलें. आज पांसष्टी जवळ आली असतां त्यांतील एखाद्या तरी मुलाची क्षमा मागावी असें मला वाटतें; कारण, श्रोतेहो, गेलीं कित्येक वर्षें सायंकाळ झाली म्हणजे माझे स्वतःचे पाय माझें ऐकेनासे होतात.

हा एक विकार आहे. इंग्रजींत त्यास ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणतात. मराठींत रूढ असें नांव नाहीं. आपण ‘अस्वस्थ पायांचा विकार’ म्हणूं. रोग्याची अडचण अशी कीं, त्याला आपलें दुखणें धड सांगतां येत नाहीं. दुखतें म्हणावें, तर तें ठणकत नाहीं. मुंग्या आल्या म्हणाव्या, तर पाय बधिर झालेला नसतो. गोळा आला म्हणावें, तर पोटरी हाताला मऊच लागते. आंत खोलवर, हाडाजवळ, कांहीं तरी वळवळतें, ओढल्यासारखें होतें, आणि पाय हलविल्यावांचून राहवत नाहीं. उठून चार पावलें चाललें कीं थांबतें. पुन्हां अंथरुणावर पडलें कीं पुन्हां सुरू होतें. विशेष हें कीं, दिवसभर निमूटपणें काम करणारे पाय नेमके रात्रींच जागे होतात. लातूरहून नांदेडला सायंकाळच्या एस. टी. नें खिडकीशेजारीं अडकून बसण्याचा प्रसंग आला म्हणजे या विकाराची खरी ओळख पटते.

परंतु मला ही ओळख माझ्या पायांनीं प्रथम करून दिलेली नाहीं. ती माझ्या आईच्या पायांनीं करून दिली. तेव्हां मी नऊ-दहा वर्षांचा होतों. वडील लातूरच्या आडत बाजारांत मुनीम होते. आम्ही सहा भावंडें, आणि सर्वांत धाकटें त्या वेळीं पाळण्यांत होतें. रात्रीं निजानीज झाली म्हणजे आई म्हणे, "जरा पाय चेप बाळा, लई वळवळायलेत." मी चेपीत असें, चेपतां चेपतां झोंपेनें डुलक्या येत. मग ती जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून पोटऱ्यांना घट्ट आवळून बांधी, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं म्हणजे अंगणांतल्या थंड फरशीवर अनवाणी येरझारा घाली. आजीचें मत असें कीं, ही कामाची टाळाटाळ आहे. शेजारच्या एक बाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "बाहेरचं काही असेल." आमच्या मराठवाड्यांत त्या काळीं ‘बाहेरचें’ म्हणजे भानामती. एक देवऋषी येऊन लिंबें उतरून गेला, सव्वा रुपया घेऊन गेला. आई मात्र त्याही रात्रीं अंगणांत चालतच होती. औषधासाठीं कोणी कोठें नेलें नाहीं. त्या वेळीं लातूर हा उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा तो १९८२ सालीं झाला, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तर तेथें २००२ सालीं निघालें. नांदेडचें १९८८ चें. परंतु खरें सांगावयाचें तर, त्या वेळीं दाराशीं महाविद्यालय असतें, तरी "बाईचे पाय वळवळतात" एवढ्यासाठीं तिला तेथें कोणी नेलें असतें, असें मला वाटत नाहीं.

या विकाराचा इतिहास मीं अलीकडे जमेल तसा वाचला. वाचतांना पहिलें आश्चर्य वाटलें तें त्याच्या वयाचें. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास दोन वर्षें अवकाश होता, त्या १६७२ सालीं थॉमस विलिस नांवाच्या इंग्रज वैद्यानें लॅटिन भाषेंत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हा विलिस म्हणजे मेंदूच्या रचनेचा मोठा अभ्यासक. मेंदूच्या तळाशीं असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याला आजही त्याचेंच नांव आहे. त्यानें या ग्रंथांत अशा रोग्यांचें वर्णन केलें आहे कीं, ते झोंपेसाठीं अंथरुणावर पडतात तोंच त्यांच्या हातापायांत उसळ्या व ओढी सुरू होतात, आणि छळाच्या कोठडींत टाकलेल्या माणसास झोंप यावी इतपतच त्यांना झोंप येते. साडेतीनशें वर्षांपूर्वींचें हें वर्णन वाचतांना मला आमचें अंगण दिसलें. विलिसनें उपाय केला तो अफूचा. आपल्याकडे तान्ह्या मुलांनाही अफूची गोळी चाटविण्याची चाल होती, तेव्हां आपण त्यास हंसण्याचें कारण नाहीं. शिवाय तो उपाय अगदींच चुकीचा नव्हता. अफूच्या वर्गांतील औषधें अत्यंत हट्टी रोग्यांना, इतर सर्व उपाय थकल्यावर, अल्प मात्रेंत व कडक देखरेखीखालीं आजही देतात.

विलिसनंतर दोनशें वर्षें या विषयावर फारसें कोणी बोललें नाहीं. १८६१ सालीं थिओडोर विटमाक या जर्मन वैद्यानें त्यास लॅटिनमध्यें ‘नडग्यांची चिंता’ अशा अर्थाचें नांव दिलें आणि त्याची गणना उन्मादांत, म्हणजे हिस्टेरियांत, केली. म्हणजे रोग पायांत नसून मनांत! आमच्या आजीची ‘टाळाटाळ’, शेजारणीचें ‘बाहेरचें’ आणि त्या जर्मन विद्वानाचा ‘उन्माद’ यांत मला फारसा भेद दिसत नाहीं. तपासून पाहिलें असतां पाय निरोगी दिसतो, सूज नाहीं, जखम नाहीं, ताप नाहीं. मग तपासणाऱ्यास वाटतें कीं रोगीच खोटा. एवढेंच कीं लातूरला त्यावर लिंबें उतरलीं, आणि युरोपांत एक लॅटिन शब्द चिकटविला.

ही स्थिति पालटली ती स्वीडनमध्यें. १९४५ सालीं, म्हणजे नांदेड आणि लातूर हीं अजून निजामाच्या राज्यांत होतीं तेव्हां, कार्ल-आक्सेल एकबोम या मज्जाविकारतज्ज्ञानें या एका विषयावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. आज रूढ असलेलें इंग्रजी नांव त्याचेंच. एकबोमनें केलें काय, तर रोग्यांचें म्हणणें ऐकून घेतलें आणि तें एकमेकांशीं ताडून पाहिलें. निरनिराळ्या गांवचीं, एकमेकांस न ओळखणारीं माणसें तीच गोष्ट तशाच शब्दांत सांगत असतील, तर ती खोटी कशी? पुढें हाही संबंध ध्यानांत आला कीं, हा विकार कित्येक घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालतो, गरोदर स्त्रियांत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तो बळावतो, आणि ज्यांच्या शरीरांत लोह कमी आहे त्यांना तो अधिक छळतो. १९५३ सालीं नोर्डलांडर या दुसऱ्या स्वीडिश वैद्यानें शिरेंतून लोह देऊन अशा रोग्यांना आराम पाडल्याचें प्रसिद्ध केलें.

१९५३! आईच्या पोटऱ्यांना मी पट्ट्या बांधीत होतों, त्याच्या किती तरी वर्षें आधीं ही गोष्ट छापून आलेली होती. सहा बाळंतपणें, सर्वांच्या मागून उरलेलें जेवण, वरून भाकरीबरोबर कपभर चहा, डोळ्यांच्या खालच्या पापण्या पांढऱ्या फटक: हें चित्र आज डोळ्यांपुढें आणलें म्हणजे तिच्या रक्तांत लोह किती असेल, याचा तर्क करण्यास डॉक्टर व्हावें लागत नाहीं. तपासणी झालीच नाहीं, त्यामुळें निश्चित कांहीं म्हणतां येत नाहीं, हेंही खरें. परंतु हा प्रश्न केवळ आमच्या आईपुरता नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. त्यांतील सर्वांचे पाय वळवळतात असें नव्हे. पण ज्यांचे वळवळतात, त्यांनीं तें कोणाजवळ बोलून दाखविलें आहे काय?

येथें लोहाचा आणि पायांचा संबंध काय, असें कोणी विचारील. मला डॉक्टरांनीं समजावून सांगितलें तें असें. मेंदूंत डोपामिन नांवाचें एक द्रव्य तयार होतें. हालचालींचें नियमन करण्यांत त्याचा मोठा वांटा आहे. तें तयार होण्यास लोह लागतें. या विकारांत मेंदूंतील लोह उणें पडतें, कित्येकदां बोटांतून काढलेल्या रक्तांत हिमोग्लोबिन पुरेसें दिसत असतांनाही, आणि मग रात्रींच्या वेळीं या द्रव्याचा व्यवहार बिघडतो. म्हणून नुसतें हिमोग्लोबिन पाहून भागत नाहीं. शरीरांतील लोहाची शिल्लक सांगणारी फेरिटिन नांवाची तपासणी करावी लागते. मुनिमाच्या मुलाला हें चटकन् समजलें: हातांतली रोकड एक, आणि कोठारांतला माल दुसरा.

आतां औषधांचा इतिहास. यांत आपल्या देशाचाही एक धागा आहे. आपल्या रानांतील खाजकुइली सर्वांस ठाऊक आहे. तिच्या शेंगेवरची कुसें अंगास लागलीं तर काय होतें, हें मराठवाड्यांतील गुराख्याच्या पोरास सांगावें लागत नाहीं. तिच्या बियांना वैद्य कवचबीज म्हणतात. १९३७ सालीं मद्रासेस दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनीं त्या बियांतून लेव्होडोपा नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. याच द्रव्यापासून शरीर डोपामिन बनवितें. त्या वेळीं त्याचा उपयोग कोणाच्या ध्यानांत आला नव्हता. डोपामिन हें मेंदूंत स्वतंत्रपणें काम करतें, हें १९५७ च्या सुमारास आर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञानें दाखविलें, आणि १९६१ सालीं व्हिएन्ना येथें कंपवाताच्या रोग्यांना लेव्होडोपा देण्यांत आला. १९७८ सालीं मुंबईस डॉ. अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनीं कंपवातावर कवचबीजाचा प्रयोग प्रसिद्ध केला. शेवटीं १९८२ सालीं आक्पिनार या तुर्की वैद्यानें अस्वस्थ पायांवर लेव्होडोपा वापरून गुण येतो असें दाखविलें. यावरून अस्वस्थ पाय म्हणजे कंपवाताची सुरुवात, असा मात्र कोणी अर्थ करूं नये. औषध एक असलें तरी विकार निराळे आहेत. त्याचप्रमाणें, कवचबीजाचें चूर्ण बाजारांत मिळतें म्हणून आपल्याच हातानें चमचाभर घ्यावें, असेंही नाहीं. झाडावर आलें म्हणून औषध सौम्य होत नाहीं. आंत द्रव्य तेंच आहे, आणि त्याचे गुण तसे त्याचे दोषही तेच.

ते दोष कोणते, हें मी पुस्तकांतून शिकलों असतों तर बरें झालें असतें.

लेव्होडोपानंतर त्याच वाटेनें जाणारीं, डोपामिनची नक्कल करणारीं, रोपिनिरोल आणि प्रामिपेक्सोल हीं औषधें आलीं. २००५ सालीं अमेरिकेंत रोपिनिरोलला या विकारासाठीं म्हणून मान्यता मिळाली. पाठोपाठ दुसऱ्यालाही मिळाली. पहिल्या कांहीं महिन्यांत त्यांचा गुण चमत्कारासारखा असतो. मला निवृत्तीपूर्वीं दोन वर्षें एका डॉक्टरांनीं या जातीची अगदीं लहान गोळी दिली. पहिल्या रात्रीं मी सलग सहा तास झोंपलों. सकाळीं उठून मीं पत्नीस विचारलें, "मी रात्रीं उठलों होतों काय?" ती म्हणाली, "नाही. मीच उठून पाहिलं, श्वास चालतो का!"

पुढें सात-आठ महिन्यांनीं गुण थोडा उणा पडला. डॉक्टरांनीं पुन्हां भेटावयास सांगितलें होतें. परंतु ओळखीच्या मेडिकल दुकानांत जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या मिळत होत्या, मग कशास जावें? अर्धीची एक केली. एकीच्या दोन केल्या. वर्षाअखेरीस अशी स्थिति आली कीं, पूर्वीं रात्रीं दहाला जागे होणारे पाय दुपारीं तीनलाच जागे होऊं लागले. शाळेंत फळ्यापुढें उभें राहिल्यासच बरें वाटे. मग तीच वळवळ दंडांतही आली. मी समजलों रोग वाढला. म्हणून आणखी गोळी. वास्तविक रोग वाढविणारी ती गोळीच होती.

औषधानेंच विकार लवकर, अधिक जोरानें आणि शरीराच्या दुसऱ्या भागांत सुरू व्हावा, ही गोष्ट अमेरिकेंतील ॲलन आणि अर्ली या दोघांनीं लेव्होडोपाच्या बाबतींत १९९६ सालींच स्पष्ट केली होती. मात्रा जितकी मोठी तितका हा धोका मोठा. याच औषधांनीं कांहीं लोकांना जुगाराचा, खरेदीचा असा अनावर नाद लागल्याचेंही पुढें आढळलें. माझ्या नशिबीं जुगार आला नाहीं, एवढेंच. त्या वर्षीं मीं तीन छत्र्या कां घेतल्या, हा प्रश्न मात्र पत्नी अजून विचारते.

शेवटीं नांदेडला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं पाय तपासण्याआधीं विचारलें, "गुरुजी, गोळी किती वाढविलीत, आणि कोणाच्या सांगण्यावरून?" आयुष्यभर हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारीत आलों होतों, उत्तर देण्याच्या बाजूला उभें राहणें किती अवघड असतें, तें त्या दिवशीं कळलें. त्यांनीं रागावून गोळी एकदम बंद केली नाहीं. एकदम बंद केल्यास विकार दुप्पट उसळतो. कित्येक आठवडे घेऊन ती चतकोर चतकोरानें उतरविली, आणि ते आठवडे फार वाईट गेले. दरम्यान फेरिटिन तपासलें. तें उणें निघालें, म्हणून शिरेंतून लोह दिलें. मूत्रपिंडाचें काम तपासलें, कारण त्याच्या बिघाडानेंही हा विकार होतो, आणि पुढील औषधाची मात्राही त्यावरच ठरवावी लागते. मी सर्दीसाठीं म्हणून वरचेवर घेत असलेली झोंप आणणारी गोळी बंद केली. ती जात पायांना चाळवते, हें मला ठाऊक नव्हतें. उलटीवरचीं कांहीं आणि उदासीनतेवरचीं बरींच औषधेंही तसें करतात. पण मनाच्या विकारावरचीं औषधें कोणीं आपण होऊन सोडूं नयेत, डॉक्टरांना विचारावें, असें त्यांनीं बजावलें. लोहाच्या गोळ्यांचेंही तेंच: शिल्लक भरपूर असतां वर लोह घेणें अपायकारक आहे. आणि घ्यावयाची झाल्यास ती चहाबरोबर घेऊं नये.

आतां मी रात्रीं गॅबापेंटिनच्या जातीचें औषध घेतों. हीं औषधें डोपामिनच्या वाटेनें जात नाहींत आणि त्यांच्यानें विकार तसा उलटत नाहीं. २०२५ च्या आरंभीं अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें जे नवे नियम प्रसिद्ध केले, त्यांत लोहाची तपासणी प्रथम सांगितली आहे, औषधांत या जातीला अग्रस्थान दिलें आहे, आणि ज्या गोळ्यांनीं मला सहा तास झोंपविलें त्या नेहमीच्या उपचारांतून मागें सारल्या आहेत. मोठ्या माणसाचें फेरिटिन लिटरमागें ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असें त्यांत आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर हाच आकडा पुष्कळदां ‘ठीक’ म्हणून छापलेला असतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नव्या औषधालाही दोष आहेतच. गुंगी येते, तोल जातो. रात्रीं उठतांना मी प्रथम दिवा लावतों, मग पाय खालीं ठेवतों.

गेल्या वर्षीं माझ्या मुलीला सातव्या महिन्यांत हीच वळवळ सुरू झाली. ती लातूरला असते. तिनें फोनवर सांगितलें तेव्हां मीं माझ्या डब्यांतली गोळी सुचविली नाहीं, इतकें शहाणपण मला आलेलें होतें. तिच्या डॉक्टरांनीं रक्त तपासून फक्त लोह दिलें. गरोदरपणीं दुसरें औषध शक्य तों टाळतात. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत तिचे पाय शांत झाले. ती म्हणाली, "बाबा, आजीला असंच होत होतं का?" मीं होय म्हटलें. एका रात्रीं आईनें हांक मारली असतां मीं झोंपेचें सोंग घेतलें होतें, आणि पांघरुणांतून तिच्या पायांचा आवाज ऐकत राहिलों होतों, हें मात्र तिला सांगितलें नाहीं. तें आज प्रथमच सांगतों आहें.

डॉक्टरांनीं मला एक वही ठेवावयास लावली आहे. पाय किती वाजतां सुरू झाले, किती वेळ चाललें, औषध केव्हां घेतलें, दुपारनंतर चहा झाला काय, हें रोज लिहावयाचें आणि दर तीन महिन्यांनीं दाखवावयाचें. पत्नी तिला पायांचा हजेरीपट म्हणते. गेल्या महिन्यांतील तीस रात्रींपैकीं बावीस रात्रींपुढें पाय ‘गैरहजर’ आहेत. उरलेल्या आठांपैकीं तीन रात्रीं नातेवाइकांकडील लग्नांतल्या, चहाच्या. पांच रात्रींचें कारण सांपडलें नाहीं. पुढची भेट येत्या महिन्याच्या चौथ्या दिवशीं आहे, तेव्हां तें त्यांना विचारावयाचें आहे.